लोखंडाची शांतता

गंगाराम खवणेकरांनी आयुष्यात एकच सरकारी नोकरी केली, आणि तीही कानांनी. एकसष्टाव्या वर्षी ते सडेबंदरच्या मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात जाऊन खुर्चीवर बसले, कानांना हेडफोन लावले आणि पुढची अडीच वर्षं समुद्र ऐकत राहिले. सोबत गावातले आणखी सहा म्हातारे होते. प्रत्येकापुढे एक पडदा आणि पडद्यावर चित्रांची पाच मोठी बटणं: डॉल्फिन, मोरी मासा, देवमासा, जाळं, लोखंड. म्हाताऱ्यांना आवाज ओळखायचे नव्हते. आवाज जिथे अचानक थांबतो ती शांतता ऐकायची होती आणि ती कोणामुळे पडली ते सांगायचं होतं. नाही कळलं तर पुढे जायची मुभा होती. पण सात म्हाताऱ्यांत 'माका कळूक नाय' असं म्हणणारा पहिला कोण होणार?

ही नोकरी गावात आणली होती गंगारामांच्याच मुलीने. दर्शना तेव्हा सागरी श्रवण प्राधिकरणात नुकती रुजू झाली होती. समुद्रातल्या ध्वनीवर तिने डॉक्टरेट केली होती, पण तो विषय तिला कोणत्याही विद्यापीठाने दिला नव्हता. तो दिला होता बापाने, ती आठ वर्षांची असताना. संध्याकाळी तिला होडीत घालून ते आत न्यायचे, इंजिन बंद करायचे, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचे आणि दांडा तिच्या कानाला लावायचे. लाकडातून एक आवाज वर यायचा, भाताचा मोठा टोप चुलीवर रटरटावा तसा. तो घोळ माशांचा आवाज होता. घोळीचे नर पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून वाजवतात, आणि हजारोंनी एकदम वाजवतात.

मग गंगाराम वल्ह्याच्या दांड्याने होडीच्या फळीवर ठोकायचे. दोन एकदम, एक मागून. खाली सगळं चिडीचूप. आणि मग ते वाट बघायचे, कारण खरी कला त्या वाट बघण्यातच होती. शांतता कोणत्या बाजूने फुटते, पहिला मासा कुठून वाजायला लागतो, तिकडे थव्याचं पोट. जाळं तिकडे टाकायचं. प्रत्येक घराची ठोक वेगळी आणि प्रत्येक घराची जागा गुपित. ऐकणारा माणूस आपली जागा मेव्हण्याला सांगत नसे, भावाला सांगत नसे, आणि लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलीला तर मुळीच नाही.

दर्शनाने या शांततेचं शास्त्र केलं. नव्या पाणबुड्या इतक्या मुक्या झाल्या होत्या की त्यांना ऐकणारं यंत्रच उरलं नव्हतं. पण पाण्यात शंभर मीटर लांबीचं धूड सरकलं की पाण्याचा दाब बदलतो, आणि माशाच्या अंगावरून जाणाऱ्या संवेदनारेषेला तो कळतो. मासा घाबरतो आणि गप्प होतो. तेव्हा पाणबुडी ऐकायच्या नादी लागूच नका, घाबरलेले मासे ऐका, असं तिचं म्हणणं होतं. माशांच्या गाण्यात एक भोक पडतं आणि ते भोक पुढे सरकत जातं. भोक जिथे, पाणबुडी तिथे.

ऐकायला कान कुठून आणायचे हा प्रश्नही फुकटात सुटला. इंटरनेटच्या जुन्या, टाकून दिलेल्या केबली समुद्राच्या तळाशी हजारो किलोमीटर पडून होत्या. त्यांच्या आत केसासारखी काच असते. काचेतून प्रकाशाची चमक सोडली की वाटेतल्या सूक्ष्म दोषांवर आपटून तिचा थोडा अंश परत येतो. बाहेरच्या आवाजाने काच अगदी नकळत ताणली गेली तरी परत येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. म्हणजे केबलचा दर दहा मीटरचा तुकडा हा एक कान. तळावर पडलेल्या भंगाराला एका रात्रीत लाखो कान फुटले. जाळ्याचं नाव ठेवलं 'सागरकर्ण'.

यंत्राला शिकवायला मात्र शिक्षक हवे होते. कोणती शांतता कोणाची, हे यंत्राला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. म्हणून ते सात म्हातारे, ते सभागृह आणि ती पाच बटणं; त्यांतलं लोखंड म्हणजे पाणबुडी.

देश तेव्हा जोरात होता. आधी आपला किनारा राखायचा होता. मग आपल्या किनाऱ्याकडे येणारे मार्ग राखायचे ठरले, आणि मग त्या मार्गांकडे येणारे मार्ग. चौदा वर्षांत सागरकर्ण सात परक्या बेट-राष्ट्रांच्या पाण्यात जाऊन पोचला. तिथल्या सरकारांना बंदरं मिळाली, इस्पितळं मिळाली आणि समुद्रतळावर झोपून राहणारी, माणूस नसलेली पाणशस्त्रंही मिळाली. आपल्या किनाऱ्यावर ती नव्हती, तिथे गस्तीच्या बोटी होत्या. शस्त्राचं अधिकृत नाव वज्रदंष्ट्र. प्राधिकरणाच्या केंद्रातली माणसं त्याला मोरी म्हणायची, कारण दर्शनाने एकदा सहज म्हटलं होतं की आमच्याकडे शार्कला मोरी म्हणतात. यंत्राने शांततेवर 'लोखंड' असा शिक्का मारला, की सर्वांत जवळची मोरी जागी होई. माणसाला हरकत घ्यायला नव्वद सेकंद होती. हरकत घेतली नाही की मोरी निघे. चौदा वर्षांत कोणी हरकत घेतली नव्हती आणि मोरी निघायची वेळही आली नव्हती.

ती आली मार्चच्या नऊ तारखेला, तिमारा बेटाच्या दक्षिणेला, जिथे मोऱ्या नुकत्याच टाकल्या होत्या.

त्या दिवशी केंद्रात पेढे वाटले गेले. शत्रूची लहान मानवरहित पाणबुडी नष्ट, सागरकर्णाचा पहिला विजय, अशी बातमी सगळीकडे झळकली. महासंचालक राजशेखरन स्वतः दर्शनाच्या टेबलापाशी आले आणि त्यांनी तिचा हात हातात घेऊन दाबला. कौतुक कुणाला आवडत नाही? दर्शनालाही आवडलं. चार दिवसांनी तिमाराच्या एका स्थानिक वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या: मासेमारीला गेलेली एक होडी बेपत्ता, होडीत एक वृद्ध, त्याचे दोन मुलगे आणि सून. त्या ओळी तिने वाचल्या, पुन्हा वाचल्या आणि पान मिटलं.

प्राधिकरणाचा एक जुना नियम होता. हल्ला झाल्यावर त्याचं मूळ ध्वनिमुद्रण एखाद्या प्रमाणित श्रोत्याकडून तपासून घ्यायचं. सात श्रोत्यांपैकी पाच वारले होते, सहाव्याला ऐकू येत नव्हतं. उरले गंगाराम, वय पंचाहत्तर. नियम केवळ कागदापुरता होता. सही आणली की झालं. दर्शना ध्वनिमुद्रणाची पेटी घेऊन सडेबंदरला गेली.

गंगाराम पडवीत बसून जाळं शिवत होते. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत, स्वतःच रांधत आणि मुलगी आली की तिलाही रांधून वाढत.

"इलंस? जेवलंस काय गो?"

"जेवलंय, बाबा. एक आयकूचा आसा. सही व्हयी तुमची."

गंगारामांनी हेडफोन लावले. हे काम निघालं की ते दहा वर्षांनी लहान होत. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने हसले.

"ही आपली घोळ न्हय. दुसरी जात. पण गाणां तसांच."

मग हसणं थांबलं. त्यांनी बोटाने खूण केली, पुन्हा लाव. तिने लावलं. तिसऱ्यांदा लाव म्हणाले. चौथ्यांदा त्यांनी हेडफोन काढला, समोरच्या पाटावर बोटाच्या पेराने ठोकलं आणि तिच्याकडे बघितलं. एक. मग तीन.

"ह्या काय?" दर्शनाने विचारलं.

"ठोक. एक, मगे तीन. तेंचा घर वेगळा, पण हात माणसाचो."

"बाबा, ती पाणबुडी होती."

"लोखंड कित्याक ठोकतला? तू आयक."

तिने ऐकलं. यंत्र जी ध्वनिफीत बघतं ती गाळलेली असते. समुद्रात एक चिमुकली कोळंबी असते, ती नांगी आपटते आणि त्या आवाजाने तळ अष्टौप्रहर कडकडत असतो, तळणीत मोहरी तडतडावी तसा. यंत्र तो सगळा कडकडाट आधी धुऊन काढतं. चार बारीक ठोका त्या धुण्यातच वाहून गेल्या होत्या. मूळ मुद्रणात त्या होत्या. एक, तीन. मग शांतता. मग दक्षिणेकडून पहिला मासा वाजला, आणि त्याच्या मागोमाग सगळे. प्रवाहाबरोबर होडी थोडी सरकली असावी. पुन्हा एक, तीन. पुन्हा शांतता. तिसऱ्या खेपेला शांतता फुटायच्या आत लांबून एक बारीक घरघर यायला लागली. मोरी निघाली होती. त्यापुढचं दर्शनाने ऐकलं नाही.

"लोखंडाची शांतता मागसून भरता," गंगाराम हळूच म्हणाले. "ता पुढे जाता, मागचे मासे वाजूक लागतत. माणसाची शांतता एकीकडसून फुटता आणि मगे चारय बाजूंनी भरता. ह्या माका डोळे बांधून कळात."

"मग यंत्राला का नाही कळलं?" ती प्रमाण भाषेत बोलायला लागली होती. केंद्रात असल्यासारखी. "सत्त्याण्णव टक्के खात्रीने लोखंड म्हणालं ते. त्याला कोणीतरी शिकवल्याशिवाय ते असं म्हणत नाही. असली शांतता त्याने आधी कुठेतरी बघितलेली असणार."

गंगाराम उठले. घरापुढच्या खळ्यात गेले, माडाला हात टेकवून बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा बसले नाहीत.

"अडतीस होती," ते म्हणाले.

"काय अडतीस?"

"माझीच शांतता. सोसायटीत बसलंय तेव्हा तुझ्या त्या फितींत माझीच होडी येवक लागली. मी होतंय, माझी ठोक होती. दोन एकदम, एक मागसून. मी कसो इसरान?"

"पण तुम्ही तर वल्हं सोडलं होतं. मी कॉलेजात गेले त्या वर्षी. तुम्हीच सांगितलंत."

"तुका सांगलंय तसां," म्हातारा म्हणाला. "लग्न झाला तुझा. तुझो घोव लवूच्या सोसायटीतलो. तुका जागा कशी सांगू?"

लवू कोयंडे हा गंगारामांचा मेव्हणा. त्याचे दोन मोठे ट्रॉलर होते आणि सभागृहात तो गंगारामांच्या शेजारच्या खुर्चीवर बसे. प्रत्येक फितीच्या खाली जागेचे आकडे दिसत. गंगारामांनी 'ही माणसाची शांतता' असं म्हटलं असतं, तर लवूने तेव्हाच मान वळवून आकडे वाचले असते. दोन हंगामांत त्याच्या ट्रॉलरने ती घोळ मुळासकट उपसली असती. आणि म्हणायचं तरी कुठे? माणसासाठी पडद्यावर बटणच नव्हतं. ते दर्शनाने ठेवलं नव्हतं. ठोकून ऐकणारं जगात आता कोणी उरलेलं नाही, अशी तिची खात्री होती. खात्री बापानेच करून दिली होती.

"मगे मी लोखंड दाबलंय. अडतीसय वेळा. लोखंड म्हटल्यार थय सरकारची बोट फिरतली, लवू जावचो नाय, येवढांच माझ्या मनात होता." ते पुढे म्हणाले. "मासे वाचले गो. चार माणसां गेली."

दर्शनाला वाटलं आपण ओरडावं, त्यांना गदागदा हलवावं. चौदा वर्षं तिने जगभरच्या परिषदांत सांगितलं होतं की आमचं यंत्र खोटं बोलू शकत नाही, कारण ते माझ्या बापाच्या कानांवर उभं आहे. टाळ्या पडायच्या त्या वाक्याला. आणि बाप त्या वेळी मेव्हण्याला फसवत होता. तिला संताप आला, पण तो म्हातारा अजून उभाच होता. तिने त्यांना खाली बसवलं आणि पाणी दिलं.

"सांगूक व्हया," गंगाराम म्हणाले. "तिमाराच्या त्या बेटार रोज सांजेक कोण ना कोण ठोकतलो. उद्या परत मारतला ता."

"मी सांगतंय, बाबा. तुमी गप रवा."

राजशेखरन हा वाईट माणूस नव्हता. दर्शनाने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि खरोखरच दुःखी दिसले.

"अडतीस शिक्के काढून टाकायचे आणि यंत्र पुन्हा शिकवायचं. याला किती वेळ लागेल?"

"आठ दिवस."

"तुला आठ दिवस. मला दीड वर्ष. सात देशांशी करार आहेत. यंत्र बदललं की प्रत्येक करार पुन्हा तपासणीला जातो, आणि तोवर सगळं बंद. आणि बंद का, असं कोणी विचारलं तर?"

"तोवर तिमाराच्या मोऱ्या तरी झोपवा, सर. फक्त तिथल्या."

"त्याच विजयाच्या जागी?" त्यांनी चष्मा परत लावला. "अठरा तारखेला समारंभ आहे. सातही देशांचे प्रतिनिधी येणार आहेत, आठव्याची सही व्हायची आहे. तुझ्या वडिलांचा सत्कार ठरलाय, माहीत आहे ना? समारंभ होऊ दे. एकोणिसाला तू दुरुस्तीचा अर्ज दे. कारण लिही 'तांत्रिक सुधारणा'. वडिलांचं नाव नको, होडीचं नाव नको. मी स्वतः फाइल पुढे ढकलेन. आणि आत्ता तू बोभाटा केलास तर पहिलं अटक कोणाला होईल?"

दर्शनाला उत्तर माहीत होतं. प्रत्येक शिक्क्याखाली श्रोत्याचं नाव होतं.

पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, असं तिने स्वतःला समजावलं. पाच दिवसांत तिमाराजवळ काही झालं नाही तर पुढे सगळं सुरळीत होईल. म्हाताऱ्याला या वयात कोर्टकचेऱ्या नकोत. तिने गंगारामांना एवढंच सांगितलं: फाइल चाललीय, तुम्ही दिल्लीला चला, शाल घ्या, दोन शब्द आभाराचे बोला आणि बसा. गंगाराम 'बरा' म्हणाले. ते इतक्या सहज 'बरा' म्हणाले, तेव्हाच तिला संशय यायला हवा होता.

सभागृह मोठं होतं आणि थंडगार होतं. गंगाराम कडक इस्त्रीचा सदरा घालून, पायात नव्या चपला घालून मंचावर बसले होते आणि चपला काढू का असं दोनदा विचारून झालं होतं. मागच्या पडद्यावर समुद्राचा नकाशा होता. त्यावर केबली, बंदरं आणि मोऱ्या हिरव्या ठिपक्यांनी लुकलुकत होत्या. सडेबंदरपासून निघालेली रेघ कुठल्या कुठे गेली होती. समोर सात देशांचे लोक बसले होते. तिसऱ्या रांगेत तिमाराचा प्रतिनिधी होता, काळासावळा, पांढऱ्या केसांचा, कोणाही कोळीवाड्यात खपून जाईल असा माणूस. मालवणी कळणारी माणसं त्या सभागृहात दोनच होती.

राजशेखरननी माइक गंगारामांच्या हातात दिला आणि दर्शनाला भाषांतरासाठी शेजारी उभं केलं.

गंगारामांनी घसा साफ केला.

"माका लिवक-वाचूक येणा नाय," ते म्हणाले. "कान तेवढे आसत. ह्या कानांनी मी खोटां काम केलंय. अडतीस वेळा लोखंड म्हणान सांगलंय, थय लोखंड नव्हता. थय माझी होडी होती. तिमारा बेटार चार माणसां मेली, ती पाणबुडीतली न्हय. ती माझ्यासारखी मासे आयकणारी होती. तुमच्या मशीनीक ह्या मी शिकयलंय. ता आधी बंद करा, मगे शाल घाला."

तिमारा हा शब्द तेवढा सगळ्यांना कळला. तिसऱ्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या माणसाने मान वर केली आणि तो थोडा पुढे झुकला. सभागृह हसऱ्या चेहऱ्याने दर्शनाकडे बघत होतं. राजशेखरन हसत नव्हते.

एक क्षण होता. तो तिला पुढे आयुष्यभर आठवणार होता, आणि त्या क्षणी आपण नेमका काय विचार केला तेही. तिने विचार केला की उद्या एकोणीस तारीख आहे. उद्या अर्ज जाईल, परवापासून काम सुरू होईल. जे सत्य उद्या कागदावरून जाणार आहे ते आज माइकवरून सांगून बापाच्या हातात बेड्या कशाला घालायच्या? विचार अगदी शहाणपणाचा होता.

"माझे वडील म्हणतात," ती इंग्रजीत म्हणाली, "मी शिकलेला माणूस नाही. माझ्यापाशी फक्त कान आहेत. या कानांनी ओळखलेली प्रत्येक शांतता बरोबर होती, हे तुमच्या यंत्राने तिमारात सिद्ध केलं, याचं मला समाधान आहे. तिमाराच्या मासे ऐकणाऱ्या बांधवांना ते नमस्कार सांगतात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिमाराचा प्रतिनिधी उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात छातीशी जोडून गंगारामांना नमस्कार केला. त्याचे डोळे भरून आले होते.

गंगारामांनी टाळ्या ऐकल्या. ऐकणं हेच त्यांचं काम. त्यांनी आधी समोर बघितलं, मग मुलीकडे. शाल घालायला आलेल्या हातांना त्यांनी विरोध केला नाही. ती खांद्यावरून घसरली, तेव्हा त्यांनी ती उचललीही नाही.

परतीच्या प्रवासात त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"चार माणसां मेली म्हटल्यार टाळ्यो कित्याक वाजयल्यानी?"

"बाबा, उद्या अर्ज देतंय. देवाशप्पथ देतंय."

 सडेबंदरला पोचल्यावर नव्या चपला त्यांनी गाडीतच ठेवल्या.

दर्शनाने शब्द पाळला. एकोणिसाला सकाळी साडेनऊ वाजता अर्ज गेला. अडतीस शिक्के रद्द करावेत, 'माणूस' हा सहावा प्रकार जोडावा, आणि तोवर तिमारा विभागात स्वयंचलित कारवाई स्थगित ठेवावी. राजशेखरननीही शब्द पाळला. फाइल त्यांनी खरोखरच पुढे ढकलली, आणि ती कुठेही न अडकता सरळ वर गेली. बावीस दिवसांनी ती परत आली. शेवटच्या पानावर टिपण होतं.

'सदर अडतीस नोंदींच्या अचूकतेबाबत शंका घेण्यात आली आहे. तथापि संबंधित प्रमाणित श्रोते श्री. गंगाराम खवणेकर यांनी दि. १८ रोजीच्या समारंभात, सात राष्ट्रांच्या प्रतिनिधींसमक्ष, आपण ओळखलेली प्रत्येक शांतता बरोबर असल्याचे स्वमुखाने निवेदन केले आहे. निवेदनाचे अधिकृत भाषांतर अर्जदार यांनीच केलेले असून ते इतिवृत्तात समाविष्ट आहे. सबब दुरुस्तीची आवश्यकता नाही. अर्ज निकाली.'

दर्शना ते टिपण घेऊन बसून राहिली. आता खरं सांगायचं तर आधी आपणच खोटं बोललो हे सांगावं लागणार होतं. सांगितलं असतं, तरी मूळ भाषणाचं मुद्रण कोणी मागवलं असतं का, मागवून मालवणी जाणणारा माणूस कुठून आणला असता, आणि ते सगळं होईपर्यंत तिमाराच्या समुद्रात किती संध्याकाळी होऊन गेल्या असत्या? खिडकीबाहेर ऊन उतरायला लागलं होतं. तिमारा पूर्वेला होतं. तिथे मासे वाजायची वेळ होऊन गेली असणार. तिथे कोणीतरी इंजिन बंद केलं असणार.

तिने गंगारामांना फोन लावला. ते घरी नव्हते, होडीत होते. पलीकडून पाण्याची चुबुकचुबुक येत होती.

"बाबा," ती म्हणाली. "अर्ज परत इलो. ते म्हणतत, तुमीच म्हटलात सगळा बरोबर आसा म्हणान. थय. दिल्लीक."

पलीकडे वल्हं उचलल्याचा आवाज झाला. मग फळीवर ठोक आली. दोन एकदम, एक मागून.

आणि मग गंगाराम थांबले. हे थांबणं दर्शनाला आठ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. ठोकायचं, सगळं गप्प करायचं आणि मग कान लावून बसायचं, आता कोण कुठून वाजतंय ते बघत. तिला फक्त तोंड उघडायचं होतं. समोर फाइल होती, शेजारी केंद्राचा फोन होता, आणि कितीतरी वर्तमानपत्रांचे नंबर तिला पाठ होते. ती काहीच बोलली नाही. तिकडे म्हातारा ऐकत होता. त्याला घाई नव्हती, त्याला कधीच घाई नसे.

शेवटी फोन त्यानेच बंद केला.